हात लावला तर गाव बाद

फुमिएबाईंकडे सर्दी घेऊन गेलात तरी त्या आधी गुडघा वाकवून बघतात, अशी मिनेसावा गावात चेष्टा चाले. चालू दे! गावाचा ताप-खोकला सांभाळून, सुट्टीच्या दिवशी शहरात जाऊन खेळाडूंच्या दुखापतींचं शिक्षण घेतलं होतं या बाईंनी. थट्टा आहे का? त्यामुळे गावाच्या लांब पल्ल्याच्या रिले संघाबरोबर दरवर्षी डॉक्टर म्हणून त्याच जात.

त्या वर्षीची शर्यत मात्र शेवटची. वसंतात मिनेसावा शेजारच्या शहरात विलीन होणार होतं. गावाच्या नावाचा पट्टा खांद्यावर घेऊन धावायची ही अखेरची संधी. नियम कडक होता: पट्टा एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आणि धावणाऱ्याला बाहेरच्या कुणी नुसतं बोट लावलं तरी अख्खा संघ बाद.

चौथ्या टप्प्यावर टोफूवाल्यांचा, म्हणजे सोयाबीनचं पनीर करणाऱ्यांचा, कुनिहिरो धावत होता. नोव्हेंबर असूनही ऊन भाजून काढत होतं. पट्टा घ्यायला पुढे उभी होती चिसातो, फुमिएबाईंची लेक. या दिवसासाठी पोरीने वर्षभर जिवाचं रान केलं होतं.

वळणावर कुनिहिरो भेलकांडला, पडला, पुन्हा उठला. मागून येणाऱ्या संघाच्या गाडीतून उतरून फुमिएबाई त्याच्या शेजारून धावू लागल्या.

"हात लावू नका हं, डॉक्टरीणबाई!" प्रशिक्षक ओनुकी गाडीतून ओरडला. "ती बघा चिसातो! आलंच की!"

दिसत होती. "कुनिदादा, ये! ये ना रे!" म्हणून हात पुढे करून गळा फाडत होती. रस्त्याकडेची माणसं तर पार वेडी झाली होती.

कुनिहिरो दुसऱ्यांदा पडला.

"कुनि, मी कोण? सांग बघू."

"आई, सोयाबीनचं दूध उतू चाललंय," तो पुटपुटला.

ऊन डोक्यात चढलंय, बाईंना कळून चुकलं. आता जिवाशीच गाठ होती. आणि तरी त्यांचा हात काही उठेना! कुनिहिरो कसाबसा उभा राहिला, आल्या वाटेनेच उलटा चालू लागला आणि धाडकन कोसळला. तेव्हा कुठे बाईंनी त्याला धरलं. पंचांनी लाल निशाण वर केलं.

"बघत काय बसलात? बर्फ आणा, बर्फ!" बाई किंचाळल्या.

पोरगा वाचला, पण अगदी थोडक्यात. दुसऱ्या दिवशी त्याची आई दवाखान्यात येऊन आभार मानायला कमरेत वाकली, ती वर उठायलाच तयार होईना. तिच्याकडे बघायचा बाईंना धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी चिसातो जेवताना मध्येच थांबली. कालपासून ती आईशी चकार शब्द बोलली नव्हती.

"आई, त्याच्या जागी मी असते तर?"

"पहिल्यांदा पडलीस तेव्हाच उचललं असतं."

"मग कुनिदादाला तीनदा का पडू दिलंस?"

फुमिएबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"पुढे तू उभी होतीस ना, म्हणून."