चपलेचा कुत्रा आणि नव्वद रुपये

दोन वर्षांपूर्वी, जूनच्या दुसऱ्या शनिवारी, आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला वीस हजार रुपये रोख मिळाले. त्या वेळी खोलीत चौघे होतो: मुख्याध्यापिका, शिपाई, पैसे देणारे गृहस्थ आणि ग्रंथपाल म्हणून मी. पैसे मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी होते आणि त्यांना एक अट होती.

देणगीदारांना गावात सगळे बटलर म्हणतात. तरुणपणी ते जहाजावर खानसामा होते, तेव्हापासून ते नाव पडलं. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. त्यांची बायको आचऱ्याकडच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आदल्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या पोस्टातल्या खात्यावर चाळीस हजार निघाले, ते कशाला लावायचे हे ठरवायला त्यांना वर्ष लागलं असावं. नोटा टेबलावर ठेवून ते म्हणाले, “ह्ये अर्धे. अर्धे फुडल्या जूनाक. मी येवन पुस्तकां बघतलंय. नवी कोरी दिसली तर बाकीचे पैसे चर्चच्या कौलांक देतलंय.”

“अंकल, पुस्तकं अगदी जपून ठेवू आम्ही,” मी सांगितलं.

“तांच सांगतंय मी. जपू नका.”

मुख्याध्यापिका हसल्या. मला हसू आलं नाही. ग्रंथपाल म्हणून माझी तेवीस वर्षं झाली होती आणि दरवर्षीच्या पडताळणीत माझ्याकडे हरवलेली पुस्तकं शून्य असायची. आमच्याकडे समुद्राची दमट हवा. दोन पावसाळ्यांत कागदाला बुरा येतो, तिसऱ्यात पानं एकमेकांना चिकटतात. म्हणून मी प्रत्येक पुस्तकाला प्लास्टिकचं आवरण घालतो, कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवतो, आणि दसऱ्यानंतर सगळी पुस्तकं एकदा उन्हात काढतो. आता कोणी तरी मला सांगत होतं की वर्षभरात पुस्तकं मळली नाहीत तर वीस हजार जातील. त्या वीस हजारांचं मी मनात काय करायचं तेही ठरवून टाकलं होतं. पाचवी ते सातवीची मुलं जमिनीवर बसून वाचतात. त्यांच्या हाताला येतील अशा बुटक्या फळ्या आणि आणखी शे-दीडशे पुस्तकं.

पुस्तकं घ्यायची तर आधी वाचायला हवीत. माझी मुलगी नोकरीला लागून पाच वर्षं झाली; ती लहान होती, त्यानंतर मी मुलांचं पुस्तक उघडलं नव्हतं. कपाटात होती ती बहुतेक सरकारी योजनेतून आलेली, ती फक्त नोंदवलेली. म्हणून ओळखीच्या विक्रेत्याकडून पसंतीसाठी दोन मोठ्या पिशव्या भरून आणल्या आणि रविवारी पडवीत बसलो. बायको आत मासे साफ करत होती. बाहेर येऊन तिने ढिगाकडे पाहिलं आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पन्नाशी उलाटली आणि आता बालवाडीत नाव घातल्यानी.”

मी हिशेबाने निघालो होतो. किंमत भागिले शब्द. जाड पुस्तकं साधारण शब्दाला दोन पैशांच्या आसपास पडत होती. एक पुस्तक मात्र एकशे वीस रुपयांचं, गुळगुळीत कागदाचं, आणि आत शब्द त्रेचाळीस. म्हणजे शब्दाला पावणेतीन रुपयांहून जास्त. एका म्हाताऱ्याची एक चप्पल हरवते. तो खाटेखाली बघतो, विहिरीवर बघतो, बाजारात विचारतो, शेवटी एकाच पायात चप्पल घालून झोपतो. गोष्ट संपली. मी ते नको असलेल्या ढिगात टाकलं.

बायकोने हात पुसले, ते उचललं, दोन पानं उलटली आणि हसायला लागली. मला वाटलं माझ्यावर हसते आहे.

“तुमी शब्द मोजतास,” ती म्हणाली. “चित्रां कोण बघतलो? त्या कुत्र्याच्या तोंडात काय आसा तां बघा.”

प्रत्येक पानावर, कुठे दाराआड, कुठे बाजारातल्या टोपल्यांमागे, एक कुत्रा होता आणि त्याच्या तोंडात चप्पल होती. त्रेचाळीस शब्दांत कुत्रा हा शब्द एकदाही नव्हता. शेवटच्या पानावर तो म्हाताऱ्याच्या खाटेखाली चपलेवर डोकं ठेवून झोपला होता. मी हे पुस्तक दोनदा वाचलं होतं, आणि दोन्ही वेळा ओळी वाचून पान उलटलं होतं.

पुस्तक हव्या त्या ढिगात गेलं. भागाकार मी त्या दिवशी सोडला. पुढचे चार रविवार नीट वाचलं. काही पुस्तकांत शेवटी चौकटीत तात्पर्य छापलेलं होतं. मला लहानपणी ते कधी आवडलं नव्हतं, आता का आवडावं? समुद्राचं एक पुस्तक होतं, त्यात सगळ्या होड्यांना शिडं आणि पाण्यात नुसते काचेच्या पेटीत पाळतात तसले रंगीत मासे. ते आमच्या मुलांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही. एका पुस्तकातली मुलगी रात्री परसाकडे जायला घाबरते आणि ते कोणाला सांगत नाही. ते वाचून लगेच हव्या त्या ढिगात ठेवलं. आणि एक पुस्तक मला फारच आवडलं: डोंगरातल्या बर्फाच्या गावी पत्रं पोचवणाऱ्या टपालवाल्याचं. फार काही घडत नाही. तो चालतो, बर्फ पडतो, लोक त्याला चहा देतात. किंमत नव्वद रुपये. बायकोने ते चाळून खाली ठेवलं. मी ते घेतलं.

एकूण दोनशे बारा पुस्तकं झाली. नोंदवली, शिक्के मारले, आवरणं घातली, कपाटात लावली. अट मला आठवत होती, पण हात सवयीने चालत होते.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा त्या दोनशे बारांपैकी घरी गेलेली पुस्तकं अकरा होती. अकराच्या अकरा स्वच्छ परत आली. नियम माझेच होते: वीस रुपये अनामत, हात धुऊन यायचं, चित्रांची पुस्तकं खोलीतच वाचायची. मुख्याध्यापिकांनी कपाट उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, “सर, ही तर दुकानातल्यासारखी आहेत. वीस हजारांवर पाणी सोडायचं का?”

शिपाई दारात उभा होता. “सर, एक दिवस माज्या गोठ्यात ठेवया,” तो म्हणाला. “म्हस सगळी वाचून काढतली.”

“तू गप रे.”

“नाय तर चोळून ठेवया पानां. बटलरांका आता दिसता थोडा?”

मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो की न वाचलेलं पुस्तक वाचल्यासारखं दाखवायचं ते मी करणार नाही. हे बोलणं सोपं होतं. त्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे खरोखर वाचू द्यायचं, हा मला जड होता.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी पाचवीला चपलेचं पुस्तक वाचून दाखवायला घेतलं. पुस्तक मुलांकडे धरलं आणि मुद्दाम मी फक्त शब्द वाचले. तिसऱ्या पानावर गलका सुरू झाला.

“सर, कुत्रो! कुत्रो!”

“कुठला कुत्रा? गोष्टीत कुत्रा नाही.”

“अरे देवा, सर, तुमका दिसना नाय? थंय बघा, टोपल्याच्या मागे!”

पुढच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “सरांक चष्मो बदलूक होयो.” तास संपला तेव्हा सतरा जणांनी ते पुस्तक घरी मागितलं. चित्रांच्या पुस्तकांचा नियम मी त्याच वेळी मोडला, नंतर अनामतीचाही. शनिवारी शिपायाला घेऊन ग्रंथालयाच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत काथ्याच्या दोऱ्या बांधल्या, आवरणं काढली आणि पुस्तकं मधोमध उघडून कपडे वाळत घालावेत तशी दोऱ्यांवर टाकली, चित्रं दिसतील अशी. कपाटाला कुलूप ठेवलं नाही. शिपाई म्हणाला, “सर, आता खोली सुकटीच्या बाजारासारखी दिसता.”

मग पुस्तकं जायला लागली आणि जशी परत यायची तशी येऊ लागली. एकाला सुकटीचा वास. एकाच्या पानांत वाळू, कारण ते रापणीचं जाळं ओढलं जात असताना किनाऱ्यावर वाचलं गेलं. सोलकढीचे गुलाबी डाग तीन पुस्तकांवर. एकाचा कोपरा धाकट्या भावाने चावलेला, त्याचे दोन दातही मोजता येत होते. सुरुवातीला प्रत्येक पुस्तक परत आलं की मी ओला कापूस घेऊन बसायचो. जानेवारीनंतर फक्त वाळू झाडायचो.

चपलेचं पुस्तक सर्वांत जास्त फिरलं. आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुट्टीत सहावीतली एक मुलगी ते मसुऱ्याला आजोळी घेऊन गेली. तिथल्या मामेभावाने ठेवून घेतलं, त्याने वर्गात नेलं, वर्गातून ते आणखी कोणाकडे गेलं. मुलगी रडत माझ्याकडे आली. नियमाप्रमाणे तिच्या घरून एकशे वीस रुपये घ्यायचे होते. मी तिला म्हटलं, मामेभावाला विचार, कुत्रा त्याला पहिल्यांदा कुठल्या पानावर दिसला. ती दुसऱ्या आठवड्यात सांगायला आली: पहिल्याच. मी तिला दुसरं पुस्तक दिलं. मे महिन्यात पडताळणी केली तेव्हा तीन पुस्तकं कमी होती. मसुऱ्याचं कळलेलं, बाकीची दोन न कळलेली. शून्याच्या जागी मी पहिल्यांदा तीन लिहिले आणि सही केली.

पुढच्या जूनमध्ये, पुन्हा शनिवारीच, बटलर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. मुख्याध्यापिका होत्या, शिपाई होता. त्यांनी बघायच्या आधीच मी सांगून टाकलं, “अंकल, तीन पुस्तकं हरवली. त्यांतलं एक सर्वांत चांगलं होतं. ते तुम्हाला दाखवता येत नाही.”

ते सरळ दोऱ्यांपाशी गेले आणि एकेक पुस्तक काढून बघू लागले. डोळ्यांना कमी दिसत असावं, कारण ते पुस्तक नाकाशी धरत होते. सुकटीच्या वासाचं आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. चावलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. आम्ही तिघे उभे.

मग त्यांना ते सापडलं. बर्फातल्या टपालवाल्याचं. दोरीवर नव्हतं, कपाटात उभं होतं, पाठीला एक वळी नाही.

“ह्यां कोणी उघडल्यान नाय?”

“दोघांनी नेलं होतं. दुसऱ्या दिवशी परत आणलं.”

“मगे घेतलास कित्याक?”

“मला आवडलं म्हणून,” मी म्हणालो. “मुलांना नाही आवडलं. मी पानं चोळून ठेवली नाहीत.”

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. बटलर बाकावर बसले आणि त्यांनी ते पुस्तक मधोमध उघडलं. पूर्ण पानभर पांढरं चित्र होतं, एका कोपऱ्यात छोटा टपालवाला. त्यांनी ते नाकाशी धरलं.

“बरफ असोच पडता,” ते म्हणाले. “आवाज येना नाय. एका बंदरात बघितलंय. घरी येवन बायलेक सांगलंय तर म्हणता, पुस्तकात दाखव, मगे विश्वास ठेवतंय.” मग पान उलटत, “तिची पुस्तकां अशीच जायत, तुमची तीन गेली तशी. परत मागी नाय. मी तिका म्हणी, ही काय पेज आसा लोकांक वाटूक?”

त्यांनी कापडी पिशवीतून पाकीट काढलं आणि मुख्याध्यापिकांच्या हातात दिलं. मग पुस्तक वर धरून मला विचारलं, “ह्याचे किती?”

शाळेचा शिक्का मारलेलं पुस्तक विकता येत नाही, असं मी सांगितलं. बाहेरच्यांना घरीही देता येत नाही. शिपाई पुटपुटला, “पैसे घेतास त्यांचे, आणि पुस्तक देवक नाय?” मला ते पटलं. मी कपाटातून माझं स्वतःचं कार्ड काढलं, त्यावर पुस्तकाचा क्रमांक लिहिला आणि पुस्तक त्यांना दिलं.

दुसऱ्या वीस हजारांतून बुटक्या फळ्या झाल्या आणि एकशे चाळीस पुस्तकं आली. त्यात चपलेच्या दोन प्रती. बटलर अधूनमधून बाजारात भेटतात. मासळी कशी महाग झाली ते बोलतात, पुस्तकाचं बोलत नाहीत. यंदाच्या पडताळणीत माझ्या कार्डावर ते अजून बाकी होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “सर, त्यांना एकदा विचारा ना, देतील परत.” मी म्हटलं, नको.

शिक्षक-कर्मचाऱ्यांनी आपल्या कार्डावर नेलेली पुस्तकं वर्षअखेर परत करावीत किंवा किंमत भरावी, असा शाळेचा नियम आहे. देणगी चाळीस हजार, पूर्ण मिळाली, पावत्या दोन, दोन्ही बटलरांच्या बायकोच्या नावाने. बर्फाच्या पुस्तकाचे नव्वद रुपये गेल्या मंगळवारी मी शाळेच्या कार्यालयात भरले. पावती माझ्या नावाची आहे.