दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचं औषध

ती पोर आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी कोल्हापुरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बाई रडत आली. तिच्या शेजारची म्हातारी दोन दिवस उलट्या करून गेली होती. सुनेनंच काहीतरी घातलं, असं तिचं म्हणणं.

सासू-सुनेचं पटत नव्हतं, हे अख्ख्या गल्लीनं सांगितलं. म्हातारीच्या मुलानंही मान डोलावली. तेवढं मला पुरलं. पंचनामा केला, प्रेत शवचिकित्सेला धाडलं, व्हिसेरा विषाच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवला आणि सुनेला अटक केली. मुरगूडकडची, विशीतली पोर.

चौकशीत मी आवाज चढवला, दमदाटी केली. ती एकच सांगत राहिली, "मी काय घाटलं न्हाई, सायेब. त्या पायाच्या सुजंचं औषध पीत हुत्या." कसलं औषध, कुणाचं, तिला ठाऊक नव्हतं. मला ती थाप वाटली. तरी चौथ्या दिवशी घराची पुन्हा झडती घेतली. म्हातारीच्या पानाच्या चंचीत डॉक्टरची चिठ्ठी निघाली. तिच्यावर नाव होतं तक्रार घेऊन आलेल्या शेजारणीच्या नवऱ्याचं. पाठीवर औषधाच्या दुकानाचे तीन शिक्के. औषध दिलं की कंपाउंडर एक शिक्का मारी.

पेठांतून तेव्हा ही सर्रास रीत होती. डॉक्टरची फी एकानं भरायची आणि तीच चिठ्ठी नेऊन गल्लीनं औषध आणायचं. खोकल्यापुरतं ते खपून जाई. हे औषध हृदयाचं होतं. शेजाऱ्याचेही पाय सुजलेले, म्हणून म्हातारीनं चिठ्ठी मागून घेतली आणि लवकर गुण यावा म्हणून दुप्पट डोस घेतले. असं केलं तर उलट्या होऊन नाडी बंद पडते, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. शेजाऱ्यानं औषध एकदाच आणलं होतं. बाकीचे दोन शिक्के म्हातारीचे.

शेजारणीला बोलावून चिठ्ठी समोर ठेवली. 

"फी वाचंल म्हणून दिली, सायेब. ती मेली तवा वाटलं, आता माझ्याच गळ्यात येतंय."

आपल्या गळ्यातलं तिनं त्या पोरीच्या गळ्यात घातलं होतं, आणि दोर मी आवळत होतो. मला स्वतःचा संताप आला.

मुंबईच्या अहवालात विष निघालं नाही. सून सुटली तेव्हा नवरा फिरकला नाही. न्यायला बाप आला. निघताना ती माझ्या टेबलापाशी थांबली.

"मी काय केलं न्हाई, असा कागद द्या की, सायेब. गावात दावाय लागंल."

असा कागद देण्याची पद्धत नाही, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. ती बापामागून निघून गेली. पुढं पंचवीस वर्षं नोकरी केली, अनेकांना बेड्या घातल्या. संशय घ्यायला आम्हाला सगळे कागद दिलेले असतात, तो पुसायला एकही नसतो, हे त्या दिवशी कळलं. समोर कोरा ताव होता, दौत होती. चार ओळी लिहून सही केली असती तर वरिष्ठ फार तर रागावले असते. मी लिहिलं नाही.