पाण्यावर शिंपलेली आंबील

आंबट ताकात शिजलेल्या ज्वारीच्या पिठाचा आणि ठेचलेल्या लसणाचा गंध अजून माझ्या बोटांना आहे, आणि म्हणूनच त्या दुपारविषयी माझा मुलगा नातेवाइकांत जे सांगत फिरतो, ते मला मान्य नाही. त्याच्या कथनात एक भ्रमिष्ट म्हातारा होडीत बसून, तलावाला शेत समजून, पाण्यावर आंबील शिंपडतो आणि किंचाळून चक्रवाकांचा थवा उधळून लावतो. कथन सुबक आहे. खरे मात्र नाही.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्या उदगीरकडच्या येळवसेला, उभ्या पिकाला आंबिलीचा नैवेद्य शिंपडतात. यंदा आमच्या रानातली पूजा सकाळीच उरकून मुलासह मी लेकीच्या सासरी गेलो. तिथले शेत तलावाला खेटून आहे. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीत शेंगाभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाऊन सारे सुस्तावले, तेव्हा जावयांनी शेजारच्या कोळ्याची होडी आणली. थंडीत दूरदेशीची पाखरे उतरतात, ती आबांना दाखवू, असा त्यांचा मानस. माझ्या हाती आंबिलीचा तांब्या तसाच राहिला होता.

उतरत्या उन्हात पाणी हरभऱ्याच्या घाट्यासारखे हिरवट दिसत होते. पुढे बाभळीच्या वठलेल्या खुंटांची एक ओळ पाण्यातून वर आली होती. तिच्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते आणि तिच्याही पलीकडे, झेंडूच्या रंगाची, चक्रवाकांची जोडपी स्थिर तरंगत होती. ती ओळ मी ओळखली. लेकीचे स्थळ पाहायला आलो, तेव्हा त्याच बाभळींच्या बांधावरून मी चाललो होतो. अलीकडे कमरेएवढी ज्वारी होती. नंतर तिथे तलाव बांधला, तो भरला आणि विहीणबाईंचे अर्धे रान त्याच्या तळाशी गेले. मी उठून उभा राहिलो, तांब्यात खोचलेले ज्वारीचे हिरवे धाट आंबिलीत बुडवले, चारी दिशांना शिंपले आणि येळवसेची ललकारी दिली.

“आबा, खाली बसा. ह्ये तळं हाय, रान न्हाई,” मुलगा म्हणाला. ज्याने निकाल आधीच ठरवला आहे, त्याच्यापुढे पुरावा मांडण्याची मला सवय नाही. आणि चक्रवाक उडाले नाहीत. त्यांनी माना वळवल्या, एवढेच.

संध्याकाळी कोपीपाशी त्याने विषय काढलाच. तो लातूरला नोकरीला असतो. आमची जमीन बटाईने द्यावी, हा त्याचा जुना आग्रह. त्याला आता साक्ष सापडली होती.

“आबांना आता भान ऱ्हाईना. औंदा रान बटाईनं देऊन टाकू.”

“माझं हातपाय चालत्यात तोवर त्या रानात दुसऱ्याचा नांगर चालणार न्हाई,” मी म्हणालो.

विहीणबाई रिकामा तांब्या घासायला न्यायला आल्या होत्या. पदर सावरत त्यांनी विचारले, “इवाई, आंबील सांडली का शिंपली?”

“शिंपली.”

“कुठवर?”

“बाभळीच्या खुंटापतुर.”

त्यांनी तांब्या पोटाशी धरला. “तितवरच व्हतं आमचं,” त्या म्हणाल्या. “मी दरसाली काठापतुर शिंपते अन् माघारी येते. तुमी तरी आत गेलात.”

परतीच्या वाटेवर मुलाने बटाईचे नाव काढले नाही. करडई कोणत्या तुकड्यात पेरली, एवढे विचारले. मी सांगितले. होडीची गोष्ट मात्र तो अजूनही तशीच सांगतो, आणि मीही दर वेळी ती तितक्याच निष्ठेने खोडून काढतो.

पुढच्या येळवसेला मी पुन्हा त्या पाण्यावर जाणार आहे, विहीणबाईंना सोबत घेऊन. त्या संध्याकाळी निघताना अंधारत्या तलावावरून चक्रवाकांची साद ऐकू आली होती. ती पाखरे दर हिवाळ्याला नेमकी त्याच बांधापलीकडे का उतरतात, हे मला ठाऊक नाही. त्यांना तिथे नुसते पाणीच दिसत असेल, असे मी तरी धरून चालणार नाही.