घरमालकिणीचा वाटा

माझा धाकटा भाऊ पुण्यात एका गोदामात कामाला होता. खोली मिळाली ती तिथे आधीपासून राहणाऱ्या, आमच्याच जिल्ह्यातल्या एका मुलाच्या ओळखीने. घरमालकिणीने आडनाव विचारलं तेव्हा भावाने गावाचं नाव सांगितलं, आणि बाईंनी तेवढ्यावर भागवून घेतलं.

त्या बाई जिन्यात त्याच्याशी बोलत नसत. त्याच्या 'काहून'ची नक्कल मात्र करत. "काहून उशीर झाला रे? तुमच्याकडे घड्याळं नाहीत काय?" खोलीतली मुलंही मग त्याला 'काहून' म्हणूनच हाक मारू लागली. हे तो मला फोनवर सांगायचा. मायला सांगायचा की बाई लई चांगल्या आहेत, आजारी पडलो तर चहा करून देतात.

मायने ते खरं धरलं.

दर महिन्याला ती त्याच्यासाठी सुकटीची चटणी करायची. मी ती वारंगा फाट्यावर ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. भाऊ बरणी गोदामातच ठेवायचा, खोलीवर कधीच न्यायचा नाही. त्या महिन्यात गावातलं कुणी पुण्याला निघालं होतं. मायने मला न विचारता त्यांच्याकडे दोन बरण्या दिल्या. एक त्याची, एक बाईंची. "परक्या गावात लेकराला जीव लावून राहिली. तिला न्हाई द्यायचं?"

भाऊ कामावर असताना बरणी बाईंच्या हातात गेली. त्यांनी ती उघडली. संध्याकाळी त्याची पेटी आणि अंथरूण फाटकाबाहेर होतं.

"ताई, मायला सांगू नको," एवढंच तो मला म्हणाला. मी सांगितलं नाही. तो गोदामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपू लागला. उन्हाळ्यात तिथल्या कूलरमध्ये करंट उतरला होता. सकाळी तो उठला नाही.

गावी त्याच्या जलदानविधीला, खोली मिळवून देणारा तो मुलगा आला. माय त्याच्या शेजारी बसली.

"बाईला आवडली का रे चटणी?"

मी मान हलवून त्याला खुणावलं. त्याने पाहिलं, आणि तरी म्हणाला, "मावशी, त्या चटणीनंच तर त्याची खोली गेली."

"काहून? खारट झाली व्हती?"

तो हसला. "खारट न्हाई वो. तुमी कोण हे कळलं त्यांना."

"मंग तू काय म्हणलास?"

"मी काय म्हणणार? मलाबी काढलं असतं."

मायने मला बाईंना फोन लावायला सांगितलं. मी नको म्हणाले. तिने त्या मुलाचाच फोन घेतला, त्याच्याकडूनच नंबर लावून घेतला. बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मी त्याची माय बोलून राहिले. चुकलं बाई माझं. मला ठाव नव्हतं."

"अहो, देवघर आहे आमच्या घरात. दोन दिवस वास गेला नाही. आधीच खरं सांगितलं असतं तर खोली दिलीच नसती ना आम्ही! आणि आता परत ठेवून घ्या म्हणाल, तर जमायचं नाही. ती जागा भरली."

"न्हाई बाई. त्याला खोली नको आता."

"सोय झाली ना कुठेतरी? मग बरं झालं."

"व्हय," माय म्हणाली. "झाली."

तिकडून फोन बंद झाला. मायने तो त्या मुलाच्या हातात परत दिला.