दसऱ्याचं ग्रीस

आमच्याकडे ट्रॅक्टरला हार घालत नाहीत, ग्रीस घालतात. हे वाक्य मी गावात, अंथुर्ण्यात, इतक्या जणांना ऐकवलं आहे, की आता मी समोरून येताना दिसलो की लोकच ते म्हणून टाकतात आणि वाटेला लागतात.

दसऱ्याला आमच्या शिवारात सगळे ट्रॅक्टर धुऊनपुसून उभे असतात. बॉनेटवर कुंकवाची बोटं, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हाच घरातली पूजाअर्चा थांबली, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी सकाळी वंदना, पांढरे कपडे आणि खीर. मग वडील, म्हणजे आमचे दादा, पांढरा सदरा काढून खुंटीला लावायचे, जुना बनियन चढवायचे आणि ग्रीस गन घेऊन आमच्या छोट्या ट्रॅक्टरच्या पुढ्यात फतकल मारून बसायचे.

हा ट्रॅक्टर डाळिंबाच्या ओळींमधून जाण्यापुरता. वडिलांनी तो सेकंडहँड घेतला, तेव्हाच म्हातारा होता. बनवणाऱ्यांनी तो बनवायचं केव्हाच बंद केलंय. बॉनेट माझ्या कमरेला लागतं. शेजारचे ऊसवाले आबा त्याला खेळणं म्हणतात.

मी शाळेपासूनच पुण्याला वसतिगृहात. दसऱ्याला घरी आलो की वडील गन माझ्या हातात द्यायचे. ट्रॅक्टरच्या प्रत्येक सांध्यावर ग्रीससाठी एक बारीक तोंड असतं, त्याला निपल म्हणतात. वडील बोटानं निपल दाखवायचे, मी त्यावर गनचं टोक दाबून दांडा मारायचा. सांध्याच्या कडेनं आधी जुनं काळं ग्रीस बाहेर यायचं, मग नवं पिवळं. ‘काळं गेलं, पिवळं आलं, बास,’ एवढंच ते म्हणायचे. ते गोष्टीवेल्हाळ नव्हते. त्यांच्याशी माझ्या ज्या काही गप्पा झाल्या, त्यातल्या बहुतेक त्या चाकाशेजारी बसून झाल्या.

पुढे मी पुण्यातच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागलो. घर्षण आणि वंगण हा माझा हातखंडा विषय. दिवाळी सासरी जायची, मे महिना मुलांच्या शिबिरांत, एरवी गावाला यायचो ते सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. दसरा मात्र कधी चुकवला नाही. तेव्हा ट्रॅक्टरला ग्रीस कधी देतात, या प्रश्नाचं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. दसऱ्याला. एका निरीक्षणावरून नियम मांडू नका, असं मी वर्गात घसा कोरडा होईस्तोवर सांगत असे, ती गोष्ट वेगळी.

वडील गेले आणि निवृत्त होऊन मी गावी राहायला आलो. आई इथंच होती. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, गुडघे आधीच गेलेले. विहिरीजवळ तिचे वाफे आहेत, मेथी, घेवडा, चार वांगी. पण घरापासून विहिरीपर्यंत सगळी काळी माती आणि दोन्ही बाजूंनी डाळिंबं. तिथं गाडी जात नाही, मोटरसायकलवर तिला बसवत नाही. वडिलांनी त्यावर तोड काढली होती. छोट्या ट्रॉलीत प्लॅस्टिकची खुर्ची दोरीनं आवळून बांधायची, खुर्चीत आईला बसवायचं आणि सावकाश विहिरीवर न्यायचं. आईचं अख्खं शेत त्या खेळण्यावर अवलंबून होतं. ते थांबलं की तिला राहिलं फक्त अंगण.

मी आलो तसा दसऱ्याचा कार्यक्रम जोरात सुरू केला. वडील गुपचूप करायचे ते मी माणसं जमवून करायला लागलो. पांढऱ्या सदऱ्यावरच गन हातात घेऊन घर्षणावर चार शब्द बोलायचो, मग पूजेपेक्षा वंगण कसं श्रेष्ठ यावर आणखी चाळीस. पुतण्या मोबाइलवर चित्रण करायचा आणि ते आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जायचं. आबा झेंडूची माळ हातात घेऊन शेवटपर्यंत ऐकायचे आणि आपल्या ट्रॅक्टरकडे जायचे. मग गन धुऊनपुसून कपाटात, थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत.

गेल्या हिवाळ्यात स्टिअरिंग जड लागायला लागलं. मी निदान केलं, की वय झालं, दंडात जोर राहिला नाही. म्हणून रोज सकाळी अंगणात दोन विटा घेऊन व्यायाम सुरू केला. आई बाजेवरून बघायची आणि घराला विटा कमी पडल्या का, असं विचारायची. दंड थोडे फुगले, पण स्टिअरिंग आणखी जड झालं. मग वाटलं, टायरात हवा कमी असेल. हवा भरली. बारामतीच्या एका मिस्त्रीला फोन केला, तर त्यानं ट्रॅक्टर न बघताच पॉवर स्टिअरिंग बसवायचा सल्ला दिला. तो मला फारच शास्त्रीय वाटला आणि मी त्याची चौकशीही चालू केली.

मग एका दुपारी आईला घेऊन निघालो. ओळीच्या टोकाला वळायचं, तर चाक वळेचना. मी विटांनी कमावलेलं सगळं बळ लावलं. चाक ढिम्म. ब्रेक दाबेपर्यंत आम्ही ठिबकची नळी चिरडून एका डाळिंबाच्या झाडात शिरलो होतो. मी घाबरून मागं पाहिलं. आई खुर्चीत तशीच, मांडीवर विळा, डोक्यावर डाळिंबाचा पाला.

“उतरव मला,” ती म्हणाली. “चालत जाते.”

चालत कुठं जाणार होती. आबांचा गडी आणि मी खुर्चीसकट उचलून तिला घरी आणलं. ट्रॅक्टर नंतर दोरानं ओढून आणला. त्यानंतर आई सकाळी उठून अंगणाच्या कडेला बसायची आणि विहिरीच्या दिशेनं बघत राहायची. मेथी फुलाला आली असेल, एवढं एकदा म्हणाली. मला तोंड लपवायला जागा उरली नाही, आणि ग्रुपवर माझं घर्षणाचं व्याख्यान अजून फिरत होतं.

शेवटी मी जॅक लावून पुढचं चाक काढलं. चाक ज्या खिळीवर वळतं ती गंजून सांध्यात जाम बसली होती. निपलमध्ये ग्रीस वाळून जखमेवरच्या खपलीसारखं झालेलं. आई बाजेवरून सगळं बघत होती. तिनं विचारलं, ग्रीस कधी दिलं होतंस. मी छाती काढून सांगितलं, दसऱ्याला.

“आन् मग?”

मग काय, पुढच्या दसऱ्याला, मी म्हणालो.

आई बाजेवरून पुढं वाकली. मग म्हणाली, “आरं, तुजं दादा दर रविवारी द्यायचं. बनियन मीच घासायची न्हवं.”

मी जॅकशेजारी मातीतच बसलो. आम्ही ट्रॅक्टरला हार घालत नाही म्हणून मिरवणारा मी, त्याला वर्षातून एकदा, मुहूर्तावर, माणसं जमवून, भाषणासहित ग्रीस घालत होतो. याला पूजाच म्हणतात. आबांचं बरं, ते पूजाही करत होते आणि आपल्या ट्रॅक्टरला वेळच्या वेळी ग्रीसही देत होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हटल्यावर म्हणाले, तुमी बोलायचं थांबला तर सांगनार.

खिळीवर डिझेल ओतून ती भिजत ठेवली. रोज लाकडाचा ठोकळा धरून हातोडीनं हळूहळू हलवली. निघाली तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या. गंज घासला, इंदापुरातून नवी निपलं आणली, चाक बसवलं आणि गन लावली. आधी काहीच येईना. मग काळं आलं, घट्ट, तुकड्यातुकड्यानं. बराच वेळ दांडा मारल्यावर पिवळं दिसलं आणि मी आईला हाक मारून ते दाखवलं. तिनं मान हलवली आणि विळा कुठं आहे ते विचारलं.

स्टिअरिंग आता एका हातानं वळत होतं. आईला विहिरीवर नेलं. मेथी फुलून गेलीच होती, घेवडा मात्र वाचला होता. आई खुर्चीतून काठी पुढं करून कुठल्या शेंगा तोडायच्या ते दाखवत होती, मी तोडत होतो. माझी धास्ती अजून गेली नव्हती, म्हणून गन ट्रॉलीतच टाकून आणली होती. शेंगा झाल्यावर मी परत चाकापाशी बसलो आणि उगाच दोन दांडे मारले. बसल्या बसल्या मनात घोळत होतं ते विचारलं. दादा दर रविवारी ग्रीस द्यायचे, तर दसऱ्याला पुन्हा गन घेऊन कशाला बसायचे?

आई शेंगा निवडत म्हणाली, “दसऱ्याच्या आदीचा रविवार त्ये सोडायचं. हातच लावायचं न्हाईत. पोरगं येनार हाय, त्याला काय तरी करायला ऱ्हाऊ दे म्हनायचं.”

मला एकदम रडू आलं. डोळे पुसायला गेलो, तर दोन्ही हात ग्रीसनं माखलेले, पुसणार कशानं. आईनं पदर पुढं केला, माझ्या हातांकडे पाहिलं आणि पदर मागं घेतला.

“हात खाली ठिव,” ती म्हणाली. “मी पुसते. त्यो डाग निघत न्हाई.”