मोटारीच्या जागी घोडी

सिप्रियानो भावजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, यांना इंग्रजी बोलता येई, वाचता येत नसे, आणि ते कबूल करायची भारी लाज. म्हणून सिनेमावाले आमच्या गॅलप गावी आले, तेव्हा "गोष्टीत लागेल ते घोडं देईन" असा शब्द त्यांनी गोष्ट न वाचताच देऊन टाकला. दिलेला शब्द मोडणं या माणसाला ठाऊक नव्हतं.

मी कंपनीसाठी घेवडा न् मिरचीचं मटण रांधत होते. वाचून दाखवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. ही दरोडेखोराची गोष्ट कंपनीने पूर्वी मोटारींवर काढली होती. आता लिहिणाऱ्याने घाईघाईत 'मोटार' खोडून 'घोडी' केलं होतं.

"दरोडा घालून तो एका रात्रीत तीनशे मैल जातो," मी वाचलं.

"घोडीवर?"

"दोन मिनिटं थांबतो की वाटेत."

भावजी पोट धरून हसले. शेवटच्या पानावर हसू मावळलं. तिथे मोटार दरोडेखोरासकट कड्यावरून कोसळत होती. म्हणजे आता कनेला, त्यांची अकरा वर्षांची तांबूस घोडी. पायांना तार बांधून तिला पाडायचं ठरलं होतं.

"नाही म्हणा सरळ," मी म्हटलं.

"शब्द दिलाय, रेमे."

दोन दिवस त्यांना घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दिग्दर्शकाला म्हणाले, "तार नको. मी नेतो तिला." सगळ्यांदेखत त्यांनी कनेलाला भरधाव कड्याकडे काढलं आणि लगाम सोडून दिला. कडा चार हातांवर असताना कनेलाने पाय रोवले. भावजी तिच्या डोक्यावरून उडून झुडपात पडले. खांदा निखळला.

पडल्यापडल्याच म्हणाले, "साहेब, मोटारीला अक्कल नसते, म्हणून ती गेली. हिला आहे. तुमचा दरोडेखोर मरायचाच असेल, तर घोडीचं न ऐकल्यामुळे मरू दे."

साहेबांनी पेन्सिल मागितली.

घरी ताईने खांदा शेकताना विचारलं, "थांबली नसती तर?"

"गेलो असतो. शब्द मी दिला होता. तिला एकटीला कसं पाठवू?"

"आणि माझं काय, ते आलं डोक्यात?"

"आलं ना. तिच्या जागी तू असतीस तर लगाम सोडलाच नसता. तू कुठे थांबतेस?"

ताईने गरम फडकं त्यांच्या अंगावर फेकलं आणि त्याच दुखऱ्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली. भावजी कळवळले, पण जागचे हलले नाहीत.