फळ्यावर राहिलेलं माझं नाव

अशोकभाऊंची दोन बोटं माझ्यामुळे गेली.

आता भाऊही गेले. अटॅक आला. आज घोडेगावला त्यांच्या दहाव्याला जाऊन आलो. हे लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

अंटार्क्टिकाच्या स्टेशनवर आम्ही अख्खा हिवाळा एकत्र काढला. मी बर्फाची रीडिंग घेणारा, भाऊ गाड्यांचे मेकॅनिक.

पहिल्याच दिवशी, "संगमनेरचे व्हय? मंग आपल्या जिल्ह्याचेच की सर!" म्हणत भाऊंनी घरचं लोणचं माझ्या ताटात वाढलं.

थंडीनं आखडलेली स्नो-स्कूटर सुरू झाली की म्हशीच्या पाठीवर मारावी तशी तिला थाप मारायचे.

तिथे एक नियम होता. बाहेर जाताना दाराजवळच्या फळ्यावर नाव लिहायचं, परत आलं की पुसायचं. बास, एवढंच.

एका दुपारी मी रीडिंग घेऊन आलो, नाव पुसायचं विसरलो आणि लॅबमागच्या स्टोअरमध्ये खुशाल झोपलो. वॉकीटॉकी चार्जिंगला.

तेवढ्यात बाहेर वादळ उठलं. भाऊंनी फळा बघितला. माझी खोली रिकामी. मोहिमेच्या लीडरला सांगून, वाट चुकू नये म्हणून बांधलेला दोर धरून मला शोधायला निघाले.

वाटेत दोराची गाठ सुटेना म्हणून हातमोजा काढला. तेवढ्यात थंडीनं दोन बोटं काळी पडली, ती पुढे कापावी लागली.

ते परत आले तेव्हा मी किचनमध्ये चहा पीत होतो!

"आलात व्हय? लई बरं झालं," म्हणाले.

अरे, दोन थोबाडीत द्यायच्या होत्या मला!

मग दाराशी जाऊन त्यांनी आधी माझं नाव पुसून टाकलं. लीडरला म्हणाले, "फळा बघन्यात माझीच चूक झाली."

मी तिथेच उभा होतो. गप्प बसलो.

पुढच्या मोहिमेच्या मेडिकलमध्ये त्या बोटांमुळे भाऊ पास झाले नाहीत. त्यांना परत जायचं होतं हो, फार जायचं होतं. मी मात्र गेलो. लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

आज वहिनी पाहुण्यांना सांगत होत्या, "हे सर वादळात हरवले हुते. यांना वाचवायला गेल्ते आमचे."

भाऊंनी घरी हेच सांगितलं होतं.

बोलू की नको? त्या माउलीच्या तोंडची ती गोष्ट हिरावून घ्यायची? पण राहवलं नाही. बाजूला जाऊन सगळं सांगितलं.

"मी हरवलो नव्हतो वहिनी. झोपलो होतो. भाऊंची बोटं फुकट गेली."

मी मान खाली घालून उभा.

वहिनी म्हणाल्या, "तुमी झोपला हुता ते त्यांना कुठं म्हाईत हुतं? ते तर तुमाला आनायलाच गेल्ते ना?"

तिथेच रडलो. लोक बघत होते, बघू देत.

भाऊ, मी अंटार्क्टिकाला दोनदा गेलो. तुम्ही असताना घोडेगावला एकदाही आलो नाही.

माफ करा. हा तुम्हाला शेवटचा नमस्कार.